नगरपरिषदेतला रस्ता आणि घराचा परवाना : कोणता कागद, कोणाच्या टेबलावर, कधी

गल्लीत काँक्रीटचा मिक्सर येऊन उभा राहिला की लोक जमतात. गटार आधी का केलं नाही, रस्ता एवढा उंच का घेताय, पाण्याच्या लाईनचं काय, असे सगळे प्रश्न त्या दिवशी निघतात आणि ते विचारले जातात मुकादमाला. मुकादमाच्या हातात काहीच नसतं. तो इस्टिमेटप्रमाणे काम करतो आणि ते इस्टिमेट कित्येक महिन्यांपूर्वी मंजूर होऊन गेलेलं असतं. ज्या आठवड्यात एक साधा अर्ज देऊन काम बदलता आलं असतं, त्या आठवड्यात गल्लीतल्या कोणालाच त्याची खबर नसते.

घर बांधणाऱ्यांचं याच्या उलट होतं. ते परवान्यासाठी नगरसेवकाच्या दारी खेटे घालतात. परवान्याचा निर्णय मात्र सभागृहात होतच नाही. तो नियमावली, नकाशा आणि फाईल यांच्यावर होतो आणि सही मुख्याधिकाऱ्याची असते.

या दोन्ही वाटा नीट कळल्या तर छोट्या शहरातल्या माणसाला बरंच काही करता येतं. हा लेख महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींपुरता आहे. महानगरपालिकांचे कायदे वेगळे आहेत.

आधी निर्णय कोणाचा ते ओळखा

नगरपरिषदेचा कारभार चालतो तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्यावर. १ लाखाच्या वर लोकसंख्या असेल तर ‘अ’ वर्ग, ४० हजार ते १ लाख ‘ब’ वर्ग आणि त्याखाली ‘क’ वर्ग. ग्रामपंचायतीतून शहराकडे वळणाऱ्या गावाला नगरपंचायत मिळते. वर्गाप्रमाणे अधिकाऱ्यांची संख्या आणि खर्चाच्या मर्यादा बदलतात, पण कागदाचा प्रवास सगळीकडे सारखाच असतो.

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतो आणि सभेचं अध्यक्षस्थान त्याच्याकडे असतं. नगरसेवक ठराव करतात. नामनिर्देशित, म्हणजे आपण ज्यांना स्वीकृत म्हणतो ते सदस्य बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. मुख्याधिकारी हा शासनाचा अधिकारी. ठरावाची अंमलबजावणी, देयकं, परवाने आणि अतिक्रमणाच्या नोटिसा त्याच्या सहीने निघतात. सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिःसारण, स्वच्छता व आरोग्य, नियोजन व विकास अशा विषय समित्या असतात आणि त्यांच्या वर स्थायी समिती. डिसेंबर २०२५च्या निवडणुका होईपर्यंत बहुतेक ठिकाणी प्रशासकच सभागृहाच्या जागी बसून ठराव करत होता. त्या काळातलं एखादं काम शोधायचं असेल तर सभेचं इतिवृत्त मागू नका, प्रशासकाचे ठराव मागा.

थोडक्यात, रस्ता, गटार, बाग, सभागृह, दिवाबत्ती हे सभागृहाचे निर्णय. तिथे मागणी, पाठपुरावा, राजकीय दबाव या सगळ्याला जागा आहे. घराचा परवाना हा नियमाचा विषय. तिथे दबावाला जागा नाही आणि असूही नये. नियमात बसणारं घर नगरसेवकाच्या शब्दाविना मंजूर व्हायला हवं आणि न बसणारं घर कोणाच्याही शब्दाने मंजूर होता कामा नये. माझ्या मते शहराची तब्येत या एका गोष्टीवरून कळते.

कामाची मागणी : दिवाळीनंतर लगेच

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत विशेष सभेपुढे येतो. त्याआधी महिना-दोन महिने बांधकाम विभागात पुढच्या वर्षाच्या कामांच्या याद्या बनत असतात. म्हणून तुमचा अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आवक विभागात पडला पाहिजे. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून दिलेल्या निवेदनाचा फोटो पेपरात छापून येतो, पण त्या वर्षाचा पैसा तोवर वाटून झालेला असतो.

अर्ज लिहिताना ‘आमच्या भागाकडे दुर्लक्ष होत आहे’ असं लिहू नका. त्या वाक्यावर अभियंत्याला काहीच करता येत नाही. असं लिहा :

‘विषय : प्रभाग क्र. … मधील श्री. … यांच्या घरापासून … चौकापर्यंत अंदाजे १०० मीटर लांबीचे बंदिस्त गटार व त्यानंतर रस्ता काँक्रीटीकरण या कामाचा सन … च्या अर्थसंकल्पात समावेश करणेबाबत. या गल्लीत … घरे आहेत. सध्याचे गटार … येथे तुंबते व पाणी … येथे घरांत शिरते. पाण्याची जुनी लाईन गटारातून गेली आहे. गटार, पाण्याची लाईन व रस्ता या क्रमाने एकत्रित इस्टिमेट करावे, ही विनंती.’

लांबी पावलांनी मोजलेली चालेल. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं याचा हाताने काढलेला नकाशा जोडा. घरटी एक सही घ्या, नावापुढे मालमत्ता क्रमांक लिहा. एक प्रत मुख्याधिकाऱ्याला, एक नगराध्यक्षाला आणि एक प्रभागातल्या प्रत्येक नगरसेवकाला द्या. हे फार महत्त्वाचं आहे. प्रभागात दोन नगरसेवक वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर एकालाच अर्ज दिल्यावर दुसरा त्या कामाला मनातून विरोध करू लागतो. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच जपून ठेवा. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं.

पैसा कुठून येणार याचाही थोडा अभ्यास हवा. नगरपरिषदेचा स्वतःचा निधी घरपट्टी-पाणीपट्टीतून येतो आणि तो बहुतेक ठिकाणी तुटपुंजा असतो. बाकीचं येतं ते वित्त आयोगाच्या अनुदानातून, नगरोत्थान योजनेतून, जिल्हा वार्षिक योजनेतून, वस्ती सुधार योजनांतून आणि आमदार-खासदार निधीतून. वित्त आयोगाच्या पैशाचे बंधित आणि अबंधित असे भाग असतात. बंधित पैसा पाणी, स्वच्छता, घनकचरा यांवरच खर्च करता येतो, त्यातून रस्ता होत नाही. त्यामुळे सांडपाण्याच्या गटाराला पैसा आहे पण रस्त्याला नाही अशी स्थिती असू शकते. अशा वेळी गटार आधी मागून घ्यावं. तसंही ते आधीच व्हायला हवं.

विषयपत्रिका वाचायला शिका

सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांत एकदा व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण ७ दिवस आधी आणि विशेष सभेची ३ दिवस आधी निघते. सोबत विषयपत्रिका असते. ती सदस्यांना जाते आणि कार्यालयाच्या सूचनाफलकावर लागते. फलकावर जाऊन तिचा फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणारा एक माणूस प्रत्येक प्रभागात असावा. छोट्या शहरातलं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सार्वजनिक काम आहे.

सभा लोकांना खुली असते. सभागृहाने ठराव करून एखाद्या विषयापुरती ती बंद ठेवली नसेल, तर तुम्ही जाऊन बसू शकता. बोलता मात्र येत नाही. म्हणून बोलायचं ते आधीच्या सात दिवसांत, नगरसेवकामार्फत आणि लेखी.

पत्रिकेत काही ओळी अशा असतात की तिथे थांबायचं.

‘कार्योत्तर मंजुरी देणे’ म्हणजे काम किंवा खर्च आधीच झाला आहे आणि सभागृह आता मागून मान डोलावणार आहे. कधी ते योग्यही असतं. मुख्य जलवाहिनी फुटली तर सभेची वाट कोणी पाहत नाही. पण बागेच्या कमानीला कार्योत्तर मंजुरी कशासाठी, हा प्रश्न नगरसेवकाने विचारायलाच हवा.

‘ऐनवेळी येणारे विषय मा. अध्यक्षांच्या परवानगीने’ ही शेवटची ओळ. पत्रिकेवर नसलेला विषय इथून आत येतो. मोठ्या खर्चाचा किंवा जागा देण्याचा विषय इथून गेला असेल तर सभेनंतर त्या ठरावाची प्रत लगेच मागा.

एकच रस्ता तीन तुकड्यांत दिसला, जसं ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत’, मग ‘तमुक यांच्या घरापासून देवळापर्यंत’ असं, तर विचारा की तीन कामं का. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला ई-निविदा काढावी लागते. काम त्या रकमेखाली आणण्यासाठी तुकडे पाडण्याची पद्धत जुनी आहे आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघतात.

आणि नगरपरिषदेची जागा, गाळे किंवा सभागृह भाड्याने किंवा दीर्घ मुदतीने देण्याचे विषय. यावर चर्चा कमी होते आणि परिणाम मात्र तीस वर्षं राहतो. अशा हस्तांतराला कलम ९२च्या अटी लागू होतात. त्या पाळल्या का, हे ठरावातच लिहिलेलं असायला हवं.

सभेत प्रत्येक विषयाला सूचक आणि अनुमोदक असतो. मतभेद असतील तर मतदान होतं. विरोधातल्या सदस्याने ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा’ असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. तोंडी केलेला विरोध सभागृहाबाहेर आल्यावर कुठेच उरत नाही.

इस्टिमेट : खरा निर्णय इथे होतो

प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम करायचं आणि एवढ्या रकमेपर्यंत करायचं, असा होकार. तांत्रिक मान्यता म्हणजे काम कसं करायचं याला अभियंत्याने दिलेला होकार. नगर अभियंत्याच्या मर्यादेबाहेरची कामं सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातात, पाणी योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. या दोन मान्यतांच्या मधे जो कागद असतो तो म्हणजे इस्टिमेट. गल्लीतल्या माणसाने वाचायचा एकच कागद निवडायचा असेल तर हा निवडावा.

इस्टिमेट म्हणजे बाबींची यादी. प्रत्येक बाबीचं परिमाण आणि दरसूचीतला दर. वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. काय आहे यापेक्षा काय नाही ते शोधायचं.

काँक्रीट रस्त्याच्या इस्टिमेटमध्ये जुना थर खोदून काढण्याची बाब आहे का, हे सर्वांत आधी पाहा. नसेल तर नवा रस्ता जुन्याच्या डोक्यावर बसणार. १५ सेंटिमीटरचा एक थर, दहा वर्षांनी आणखी एक, आणि खाली भराव वेगळा. अशाने राज्यातल्या कितीतरी जुन्या पेठांत एकेकाळी दोन पायऱ्या चढून जायची घरं आज रस्त्याच्या खाली गेली आहेत आणि पावसाचं पाणी थेट माजघरात येतं. म्हाताऱ्या माणसांनी आयुष्याची कमाई घालून बांधलेल्या घरात दर पावसाळ्यात उंबऱ्याला विटा-माती लावावी लागते, हे पाहून जीव तुटतो. हे सगळं इस्टिमेटमधल्या एका न लिहिलेल्या बाबीमुळे होतं. तुमच्या अर्जात एक ओळ घाला : ‘रस्त्याची अंतिम पातळी सध्याच्या पातळीपेक्षा वर जाऊ नये, त्यासाठी खोदाईची बाब समाविष्ट करावी.’ ही ओळ तांत्रिक मान्यतेआधी पोहोचली तर बहुतेक अभियंते मान्य करतात. त्यांनाही पुढची भांडणं नको असतात. निविदा निघाल्यावर तीच ओळ ‘वाढीव काम’ ठरते.

दुसरी गोष्ट गटाराचा उतार. गटार कुठे सुरू होतं हे सगळे सांगतात, ते कुठे सुटतं हे इस्टिमेटच्या नकाशावर दिसतं का ते बघा. नाल्याला किंवा मोठ्या गटाराला न जोडलेलं गटार म्हणजे लांबलचक डबकं. पातळ्या घेतल्या आहेत का, हे विचारा. बंदिस्त गटाराला साफसफाईसाठी चेंबर किती आणि किती अंतरावर, हेही.

तिसरी गोष्ट रस्त्याखालून आडव्या जाणाऱ्या पाइपांची. नळजोडणी, सांडपाणी, उद्या येणारी केबल यांसाठी ठरावीक अंतरावर रिकामे पाइप टाकून ठेवण्याची बाब असेल तर नवा रस्ता दोन महिन्यांत फुटत नाही. खर्च किरकोळ असतो.

परिमाणं स्वतः तपासता येतात. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड म्हणजे १०० × ३ × ०.१५ = ४५ घनमीटर काँक्रीट. तयार काँक्रीट आणणाऱ्या मिक्सर ट्रकमध्ये साधारण ६ घनमीटर माल येतो. म्हणजे आठ फेऱ्या व्हायला हव्यात. जाडी १५ऐवजी १२ सेंटिमीटर पडली तर ३६ घनमीटरच लागतं, फेऱ्या सहा होतात आणि पाचवा हिस्सा माल कमी पडतो. दारात बसून फेऱ्या मोजायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

इस्टिमेट मिळवायचं कसं? आधी बांधकाम विभागात जाऊन सरळ मागा. पुष्कळदा दाखवतात. नाही तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे साधारण १५० शब्दांत. ‘अमुक कामाचे प्रशासकीय मान्यतेचा ठराव, तांत्रिक मान्यता आदेश, इस्टिमेट नकाशासह’ एवढंच लिहा. कारण सांगायचं नसतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील.

निविदेपासून बिलापर्यंत

निविदा शासनाच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर निघते आणि कोणालाही पाहता येते. नगरपरिषदेचं नाव टाकून शोधा. बयाणा रक्कम, कामाची मुदत आणि दोषदायित्व कालावधी यांतला शेवटचा शब्द लिहून ठेवा. काम पूर्ण झाल्यानंतर इतके महिने किंवा वर्षं दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असा त्याचा अर्थ. किती काळ ते निविदेत असतं.

कार्यारंभ आदेश निघाला की जागेवर कामाचा फलक लागतो : कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, सुरुवात आणि मुदत. फलक नसेल तर पहिलं पत्र त्याचंच द्या.

काम चालू असताना ठेकेदाराशी भांडू नका. फोटो काढा, त्यात तारीख येऊ द्या, फूटपट्टी किंवा टेप लावून जाडी दिसेल असा एक फोटो घ्या आणि त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्याला लेखी कळवा. काँक्रीटचे घनाकृती नमुने ७ आणि २८ दिवसांनी दाबून तपासतात, तो अहवाल मागता येतो. माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात. काँक्रीट पडल्यावर साधारण १४ दिवस त्यावर पाणी ठेवायचं असतं. इथे गल्लीनेही हातभार लावावा. गोणपाट भिजवून ठेवणं आणि दुचाक्या थोड्या लांब लावणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

शेवटी मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी अभियंता यात लिहितो आणि बिल त्यावरून निघतं. गटाराची एमबीतली लांबी आणि तुमच्या टेपने मोजलेली लांबी यांत फरक निघाला तर तो दाखवायची वेळ अंतिम देयकाच्या आधीची. म्हणून काम संपत आलं की पत्र द्या : ‘अंतिम देयकापूर्वी नागरिकांच्या उपस्थितीत मोजमाप घ्यावे.’ कायद्याने ते बंधनकारक नाही. तरी असं पत्र फाईलला लागलं की माणसं जपून लिहितात.

नगरसेवकाचा स्वतःचा ठेक्यात हितसंबंध असेल, किंवा त्याचं, त्याच्या जोडीदाराचं वा अवलंबितांचं बेकायदा बांधकाम असेल तर १९६५च्या कायद्याच्या कलम ४४खाली त्याचं सदस्यपद जाऊ शकतं. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतं. पुरावा कागदोपत्री लागतो, ऐकीव गोष्टीवर हे दार ठोठावू नये.

घराचा परवाना

इथे कायदा बदलतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखालची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. तिचं रूढ नाव यूडीसीपीआर, डिसेंबर २०२०पासून लागू. मुंबई महापालिका, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं अशी काही ठिकाणं तिच्यातून वगळली आहेत. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरानला घर बांधायचं असेल तर तिथले नियम वेगळे काढा.

प्लॉट विकत घेण्याआधीच, म्हणजे इसार देण्याआधी, नगरपरिषदेतून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. जागा रहिवासी विभागात आहे का, तिच्यावर आरक्षण आहे का, विकास आराखड्यातला रस्ता तिच्यातून जातो का, हे या दोन कागदांवर कळतं. ‘सातबारा क्लिअर आहे’ या वाक्यावर विश्वासून लोक पुढे जातात. सातबारा मालकीबद्दल बोलतो, वापराबद्दल नाही.

मग मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्या. वेळ आणि पैसा दोन्ही जातात, पण शेजाऱ्याशी पुढची वीस वर्षं बोलणं राहतं.

त्यानंतर नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंता. अर्ज बहुतेक ठिकाणी शासनाच्या महावास्तु या ऑनलाइन प्रणालीतून जातो. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, बांधकामाचा आराखडा, संरचना अभियंत्याचं पत्र, कर थकबाकी नसल्याचा दाखला. गावठाणाबाहेरच्या जागेला अकृषिक, म्हणजे शेतीशिवायच्या वापराचे कागद लागतात. जिथे अंतिम विकास आराखडा आहे तिथे स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज राहिलेली नाही, पण त्यासाठी लागू असलेली रक्कम भरल्याची पावती हवी.

छोट्या घरांसाठी नियमावलीत चांगली सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड कमी जोखमीच्या गटात येतो. ठरलेले कागद आणि शुल्क भरल्याची पोच तिथे परवान्याचं काम करते. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवाना द्यायचा. नियमात बसणं मात्र दोन्हीकडे बंधनकारक आहे. गावठाणाबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० आहे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून ११० चौरस मीटर. त्यावरचं बांधकाम अधिमूल्य (जादा शुल्क) भरून किंवा दुसऱ्याकडून हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) विकत घेऊन, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे.

शुल्कात विकास शुल्क, छाननी शुल्क असतं आणि बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर असतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ५० लाखांच्या आत असेल तर हा उपकर लागत नाही. प्रत्येक रुपयाची पावती घ्या. पावती नसलेली रक्कम कोणी मागितली तर ती शुल्क नव्हे, लाच आहे, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा मदत क्रमांक १०६४ आहे.

६० दिवसांत होकार-नकार आला नाही तर कलम ४५प्रमाणे परवानगी मिळाली असं मानता येतं. पण आराखडा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. या तरतुदीवर विसंबून पाया खणू नका. आधी लेखी स्मरणपत्र द्या. शिवाय बांधकाम परवाना, जोता प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, झोन दाखला, भाग नकाशा या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५खाली अधिसूचित आहेत. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. माझ्या मते हा मार्ग जास्त खात्रीचा आहे. परवाना नाकारला किंवा जाचक अट घातली तर नगररचना कायद्याच्या कलम ४७खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील.

परवाना हातात आल्यावर दोन ठिकाणी लोक चुकतात. जोत्यापर्यंत काम आल्यावर जोता प्रमाणपत्र घेत नाहीत. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती हद्दीपर्यंत सोडायची मोकळी जागा, अर्धा मीटर कमी पडलं असेल तर ते जोत्यावर सुधारता येतं, स्लॅबवर नाही. आणि राहायला गेल्यावर भोगवटा प्रमाणपत्र राहून जातं. पुढे बँक, विक्री, वारसाहक्क सगळीकडे ते मागतात. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं नाही. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते, वर शास्ती म्हणजे दंडही लागू शकतो आणि तो भरूनही ते अनधिकृतच राहतं. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरच्या घरांसाठी २००१चा वेगळा कायदा आहे. ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं त्यात नियमित करून घेता येतात.

शेजारच्या बांधकामाला हरकत

हद्दीचा किंवा मालकीचा वाद असेल तर नगरपरिषद तो सोडवत नाही. ते काम दिवाणी न्यायालयाचं. नगरपरिषद पाहते ते मंजूर नकाशा आणि जागेवरचं काम यांतला फरक. म्हणून आधी माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा घ्या, मग ‘मंजूर सामासिक अंतर इतके, प्रत्यक्षात इतके’ असं आकड्यांत लिहा. अशा तक्रारीवर मुख्याधिकाऱ्याला पाहणी करून निर्णय द्यावा लागतो. जोत्याच्या टप्प्यावर आलेली तक्रार माणसाचं घर वाचवते. तीन मजले झाल्यावर आलेली तक्रार घर पाडण्याकडे जाते. शेजारधर्म म्हणूनही ती लवकर करावी.

विकास आराखडा : वीस वर्षांतून एकदा येणारा महिना

प्रारूप विकास आराखडा राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. तुमच्या घरावर रस्ता, शेतावर बाग, मैदानावर व्यापारी संकुल, हे सगळं त्या नकाशावर रंगांत असतं. नकाशा कार्यालयात लावलेला असतो. गट क्रमांक शोधा, फोटो काढा, हरकत लेखी द्या आणि नियोजन समितीपुढे सुनावणीला स्वतः हजर राहा. एखादं आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ची फेरबदलाची सूचना निघते, तिला एक महिना. खेळाचं मैदान रहिवासी करण्याचे प्रस्ताव याच वाटेने जातात. म्हणून शाळा, तालीम, क्रीडा मंडळं यांनी या सूचनांवर लक्ष ठेवायला हवं.

जमिनीवर आरक्षण पडून १० वर्षांत ती घेतली गेली नसेल तर मालक कलम १२७ची नोटीस देऊ शकतो. २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नगरपरिषदेला नोटीस मिळूनही ती फायलीत पडून राहिल्यामुळे शहरं मैदानं गमावतात. विरोधी बाकांवरच्या सदस्यांनी दर सभेला ‘कलम १२७च्या किती नोटिसा प्रलंबित आहेत’ एवढं विचारलं तरी बऱ्याच जागा वाचतील.

ठराव चुकीचा झाला तर

आधी ठरावाची प्रमाणित प्रत. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८खाली अर्ज. बेकायदा किंवा लोकहिताला बाधक ठरावाची अंमलबजावणी ते थांबवू शकतात. अर्जात कायद्याचं कोणतं कलम मोडलं आणि कोणतं नुकसान होईल, हे दोन परिच्छेदांत असावं. जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपालिका प्रशासनाची स्वतंत्र शाखा असते, अर्ज तिथे फिरतो. कार्यारंभ आदेश निघण्याआधी अर्ज गेला तर स्थगितीला अर्थ राहतो. काम अर्ध्यावर आलं की रस्ता उखडून ठेवण्यापेक्षा पूर्ण होऊ देणंच लोकहिताचं ठरतं आणि अर्ज निकाली निघतो. दोषदायित्वाच्या मुदतीत मात्र नगरपरिषदेकडे वेगळा अर्ज करता येतो. त्यात निविदेचा क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख, भेगांचे फोटो आणि ‘सुरक्षा अनामत परत करण्यापूर्वी दुरुस्ती करून घ्यावी’ ही मागणी घाला. अनामत परत गेली की ठेकेदाराला पुन्हा गल्लीत आणणं अवघड होतं, म्हणून मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.